नावाची फरशी

"आधी माझ्यावर घाला घण, मग बाकावर," असं म्हणून तो म्हातारा बाकावर जाऊन बसला. दोन्ही हात मागं नेऊन त्यानं पाठीची फरशी अशी कवटाळून धरली की मजुरांनी घण खाली ठेवले आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले.

मी तेव्हा सत्तावीस वर्षांची होते. नगरपालिकेत कनिष्ठ अभियंता म्हणून लागून वर्ष होत होतं आणि बागेचं सुशोभीकरण हे माझं पहिलं स्वतंत्र काम होतं. आमचं शहर सोलापूरच्या अलीकडचं, लहानसं. बाग एकच. तिला एका थोर पुरुषाचं नाव होतं, पण सगळे म्युन्शिपाल्टीची बागच म्हणत. गुडघाभर गाजरगवत, मोडकी घसरगुंडी आणि लोकांनी आपापल्या गेलेल्या माणसांच्या नावानं दिलेली अकरा बाकं, एवढीच तिची संपत्ती. नव्या आराखड्यात मधोमध कारंजं होतं, त्याभोवती फिरायला फरशीची गोल वाट होती, ओतीव लोखंडाची बाकं होती. जुनी बाकं फोडायची आणि नव्यांवर कुणाचंही खाजगी नाव घालायचं नाही असा सभेचा ठरावच झाला होता. मला तो ठराव फार पटला होता. लोकांनी बागेत फिरायला यायचं की स्मशानात, असं मी ऑफिसात चहा पिताना म्हणालेही होते आणि सगळे हसले होते.

"बाबा, उठा. काम खोळंबलंय," मी म्हणाले.

"बाक फोडा की. मी कुठं नको म्हणतोय? पाठीची फरशी तेवढी अखंड काढा. नाव हाय तिच्यावर."

त्यांनी हात बाजूला घेतला तेव्हा मी वाकून वाचलं. कै. नागनाथ दत्तोबा कोळेकर, वय १९. शहाबादी फरशीवर कुणीतरी छिन्नीनं अक्षरं खोदली होती आणि त्यात काळा ऑइलपेंट भरला होता. ओळ तिरकी, अक्षरं ओबडधोबड, 'थ'चा तर टवकाच उडालेला. माझ्या नव्या कोऱ्या डिग्रीला ते काम बघवेना.

"मुलगा?"

"एकुलता. आयटीआयला होता, वायरमनला. गणपतीच्या मांडवात शॉक लागला." मग त्यांनी वरच्या दिव्याच्या खांबाकडे हात केला. "घरी वीज नव्हती आमच्या. ह्या दिव्याखाली बसून अभ्यास करायचा."

कोळेकर अण्णा रिटायर्ड पोस्टमन आहेत, हे मला मागं उभा असलेला मल्लेशी मिस्त्री हळूच सांगत होता. मल्लेशी आमचा गवंडी. कर्नाटकातल्या एका खेड्यातला, हाताचा मोठा चोख माणूस. एवढं सांगून तो हत्यारं आणायला पंपाच्या खोलीकडे गेला.

"फरशी घरी घेऊन जा ना मग," मी म्हणाले.

"घरी फोटो हाय. त्याच्या आईला ही इथंच लागती. रोज संध्याकाळी येतो आम्ही."

नऊ वाजत आले होते, बारा मजूर हात बांधून उभे होते आणि दुपारी मुख्याधिकारी यायचे होते. त्यामुळं माझ्या तोंडून जे निघालं ते दयेपोटी निघालं असं मी म्हणणार नाही. मला त्यांना बाकावरून उठवायचं होतं.

"ठीक आहे. अखंड काढून ठेवते आणि नव्या बाकाला लावून देते. लिहून देऊ का?"

"नको. कागद मी तीस वर्षं वाटले. तुमचा शब्द बास."

ते उठले. मल्लेशी परत आल्यावर त्याला मी म्हटलं, जपून काढ. त्यानं तासभर खपून ती फरशी काढली. आणखी दोन नावांच्या फरश्या आपोआपच शाबूत निघाल्या होत्या. तिन्ही त्यानं पंपाच्या खोलीच्या भिंतीला लावून उभ्या केल्या. बाकीच्या आठ बाकांचं काय झालं, ते मला कुणी विचारलं नाही आणि मीही आठवत बसले नाही.

बागेभोवती पत्रे ठोकले गेले. संध्याकाळी मी निघायच्या वेळी अण्णा आणि त्यांच्या पत्नी सोजरक्का फाटकाशी उभे असत. सोजरक्का बुटक्या, काटक, डोईवर घट्ट पदर. पत्र्याच्या फटीतून आत बघत त्या रोज एकच विचारत.

"हाय न्हवं आमची फरशी?"

"आहे हो. भिंतीला लावून ठेवलीय."

एकदा त्या म्हणाल्या, "पोरी, येकदा हात लावू दे की."

"हात कशाला लावायचाय? नीट आहे ती."

"न्हाई, नुस्ता हात."

"आक्का, आत सगळे खड्डे खणलेत. पडलात-बिडलात तर मी कुणाकुणाला उत्तरं देऊ?"

अण्णांनी त्यांचा दंड धरला आणि दोघं गेले. फाटकापासून ती भिंत वीस पावलांवर होती. मी हात धरून नेलं असतं तर पाच मिनिटं लागली असती. त्या वीस पावलांचं मला आजही वाईट वाटतं, आणि ते कमी होत नाही.

एक मेला उद्घाटन ठरलं. मुंबईहून मंत्री येणार म्हटल्यावर सगळ्यांच्या अंगात आलं. शेवटच्या आठवड्यात कारंज्याची मोटर अडली म्हणून मी दोन दिवस सोलापूरला जाऊन बसले. परत आले तर गोल वाट पूर्ण झालेली, फरशीला फरशी अशी भिडलेली की सांधा शोधावा लागे. मी मल्लेशीची पाठ थोपटली. तो त्याच रात्रीच्या गाडीनं मुलीच्या लग्नासाठी गावी गेला.

दुसऱ्या दिवशी अण्णांची फरशी आणायला पंपाच्या खोलीकडे गेले, तर भिंत मोकळी होती.

मुकादमाला विचारलं. तो म्हणाला, "राडारोडा उचलायला ट्रॅक्टर आला होता, त्यात गेल्या असतील." मी कचऱ्याच्या खड्ड्यावर गेले, ढिगारे उपसायला लावले. विटांचे तुकडे, गाजरगवत, घसरगुंडीचा पत्रा, बाकी काही नाही. पण मी हुशार होते ना. सोलापूरला माणूस धाडला आणि काळ्या ग्रॅनाइटची पाटी करून आणली. आरशासारखी चकाकणारी, वर पेंटरनं सोनेरी अक्षरांत काढलेलं नाव, एक रेघ इकडची तिकडे नाही. ठराव धाब्यावर बसवून मी ती त्याच खांबाखालच्या नव्या बाकाला बसवून घेतली. जुनीपेक्षा शंभरपट देखणी दिसत होती. मनातून मी स्वतःवर खूश होते.

उद्घाटनाच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी मुद्दाम थांबले. दोघं आले. सोजरक्कांनी ठेवणीतलं इरकल लुगडं नेसलं होतं. त्या बाकाजवळ आल्या, चपला काढल्या, बसल्या आणि मागं न बघताच उजवा हात खांद्यावरून मागं नेला. त्यांचं बोट पाटीवर टेकलं आणि सरकत पार दुसऱ्या टोकाला गेलं. परत आलं. परत गेलं.

"ह्ये न्हाई," त्या म्हणाल्या.

"अगं, तेच नाव हाय," अण्णा म्हणाले. "नागनाथ. मी वाचतोय न्हवं?"

"तुमी काय बी वाचाल. ह्यात काय न्हाई. कोरा हाय ह्यो." त्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. रागानं नाही, नुसतं विचारल्यासारखं. "पोरी, कुनाचा दगुड लावलास गं?"

त्या पुन्हा पुन्हा बोट फिरवत राहिल्या. अण्णांनी मला चार पावलं बाजूला नेलं.

"मॅडम, तिला वाचता येत नाही. अख्ख्या गावाला मी पत्रं वाचून दाखवली, पण हिच्या हातात कधी पाटी-पेन्सिल दिली नाही. बाक बसवलं तेव्हा म्हणाली, कुठं लिवलंय दावा. मी तिचं बोट धरून फिरवलं. ना, ग, ना, थ. पहिलं नि तिसरं सारखं, शेवटच्याला खळगा. अकरा वर्षं झाली. रोज आली की एकदा वाचती, मग गप बसती. तेवढंच येतं तिला वाचायला."

मी त्यांना खरं ते सांगितलं, की फरशी हरवली. शोधते म्हणाले. अण्णा म्हणाले, "शोधा."

मल्लेशी जूनच्या अखेरीला पाण्याच्या टाकीच्या कामावर परत आला. मी त्याला भेटताक्षणी फरश्यांचं विचारलं.

"त्या व्हय?" तो म्हणाला. "कारंज्याला तीन फरश्या कमी पडत होत्या की ओ. गाडी यायला चार दिवस होते आणि साहेब डोक्यावर बसलेले. त्या तीन होत्या, मापाच्या. घातल्या."

"नावाच्या फरश्या तू वाटेत घातल्यास?"

"नाव खाली केलं की मॅडम! गेलेल्या माणसाच्या नावावर कुणाचा पाय पडू देईन का मी? हळद लावली, हात जोडले, मग पालथ्या घातल्या. येताजाता कुणी तुडवू नये म्हणून तर."

तो मला बागेत घेऊन गेला आणि कर्दळीच्या वाफ्याजवळच्या फरशीवर बोट ठेवलं. ही कोळेकरांची. त्याचा चेहरा पडला होता. त्याला मी काय बोलणार? जपून काढ एवढंच मी सांगितलं होतं. कशासाठी, ते सांगायची मला गरजच वाटली नव्हती. शब्द मी दिला होता आणि तो माझ्यापाशीच ठेवला होता.

मी मुख्याधिकाऱ्यांकडे गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"पारखे, दोन महिन्यांपूर्वी मंत्र्यांनी फीत कापलेलं काम तुम्ही उखडणार? आणि उद्या पेपरात काय येईल? पावसाळा जाऊ द्या. मग बघू."

"बरं, सर," मी म्हणाले. आणि मला हायसं वाटलं, हे आज कबूल करते. कुणीतरी वरच्यानं नाही म्हटलं होतं, म्हणजे माझ्याकडून प्रयत्न झाला होता. अण्णांना जाऊन सांगणं तेवढं उरलं होतं. पण काय सांगायचं? तुमच्या मुलाच्या नावावरून सगळं गाव चालतंय, हे कसं सांगायचं? आज सांगू, उद्या सांगू, असं करत मी गप्प राहिले.

बाग मात्र फुलली. एवढी माणसं त्या बागेत कधीच येत नव्हती. कारंज्याभोवती रोज संध्याकाळी झुंबड उडे. त्या गर्दीत दोघंही असत. सोजरक्का आता बाकावर बसत नसत. त्या खांबाखाली क्षणभर थांबत, मग अण्णा त्यांना हाताला धरून वाटेनं एक फेरी मारून आणत. कर्दळीच्या वाफ्याजवळ आले की अण्णा त्यांना वाटेवरून खाली गवतात घेत आणि चार पावलं पुढं जाऊन पुन्हा वर घेत. त्या बाजूला कारंज्याचे तुषार उडत, फरशी निसरडी होई. म्हाताऱ्या माणसाला जपतायत, असं मला वाटे. त्यांचा पाय त्या फरशीवर पडत नाही एवढ्यानंच माझा जीव भांड्यात पडे आणि मी घरी जाई.

श्रावणानंतर सोजरक्का दिसेनाशा झाल्या. अण्णा एकटेच येत, फेरी न मारता खांबाखाली उभे राहून जात.

दसरा झाल्यावर एका दुपारी ते ऑफिसात आले. मी खुर्ची दिली. ते बसले नाहीत.

"मॅडम, तिचं काही खरं नाही आता. जेवण तुटलंय. बोट असं अंथरुणावर फिरवत असती. विचारती, फरशी गावली का. म्हटलं, जाऊन विचारून यावं."

मी मान खाली घालून कागद सारखे करत बसले. मग माझ्या तोंडून निघालं, "उद्या सकाळी आठला त्यांना बागेत घेऊन या. रिक्षा करून आणा."

"बरं," अण्णा म्हणाले.

मुख्याधिकाऱ्यांना मी विचारलं नाही. सकाळी सातला मी आणि मल्लेशी कर्दळीच्या वाफ्याजवळ होतो. त्यानं सांध्यात छिन्नी घालून बघितली आणि मान हलवली.

"सिमेंटनं धरलंय मॅडम. शहाबादी लई नाजूक. अखंड यायची नाही."

"प्रयत्न कर."

त्यानं चारही बाजूंनी सांधे मोकळे केले, पाणी सोडलं, पातळ पहार घातली आणि श्वास रोखून दाबली. आधी नुसता चर्र आवाज आला. मग फरशी मधोमध, नेमकी नावाच्या ओळीवर तडकली आणि पापुद्रे सुटत गेले. मल्लेशीनं एकेक तुकडा उचलून बाजूला मांडला. जुळवता येईल असं काही उरलं नव्हतं. नावाचा तर चुरा झाला होता. मी तिथंच वाटेवर बसले. मला रडू येत होतं आणि त्याहून जास्त भीती वाटत होती, कारण फाटकाशी रिक्षा थांबल्याचा आवाज आला होता.

मल्लेशी हातानं चुरा झाडत होता. तो एकदम थांबला.

"मॅडम, हिकडं बघा."

खालच्या सिमेंटवर नाव उठलं होतं. अक्षरांत रंग होता, त्यामुळं सिमेंट त्यांना चिकटलं नव्हतं, नुसतं आत शिरून घट्ट झालं होतं. खोदलेली अक्षरं आता वर आलेली होती, बोटाला लागतील अशी. सगळी उलटी, आरशात दिसावं तशी.

अण्णा आणि रिक्षावाला सोजरक्कांना खुर्ची केल्यासारखं उचलून घेऊन आले. त्यांचा देह पोरासारखा हलका झाला होता. अण्णांनी तुकड्यांकडे बघितलं, खालच्या नावाकडे बघितलं आणि त्यांना वाटेच्या कडेला टेकवलं. मी त्यांचा हात धरून सिमेंटवर ठेवला.

"आक्का, फरशी फुटली. माझ्यामुळं फुटली. पण हे बघा."

त्यांचं बोट सवयीनं डावीकडून निघालं. पहिल्याच अक्षरावर अडलं. पुढं गेलं, घुटमळलं. कपाळाला आठ्या पडल्या. मला वाटलं, आता म्हणतील, ह्ये न्हाई. बोट पार उजव्या टोकाला पोचलं, थांबलं आणि तिथून उलटं यायला लागलं. हळूहळू. पहिलं. दुसरं. तिसऱ्यावर आलं आणि परत पहिल्यावर जाऊन आलं. मग चौथं. जिथं टवका उडाला होता तिथं आता पुळीएवढा उंचवटा होता. बोट त्याच्यावर टेकलं आणि तिथंच राहिलं.

"नागूच हाय," त्या म्हणाल्या. आणि चक्क हसल्या. "पाठमोरा झालाय. आस्साच निजायचा, भिंतीकडं तोंड करून."

अण्णा त्यांच्या शेजारी उकिडवे बसले होते. त्यांनी तोंडावरून पंचा फिरवला. सोजरक्कांनी सगळा तळवा त्या नावावर ठेवला आणि कितीतरी वेळ तसाच ठेवला. सकाळचे फिरणारे लोक थांबून बघत होते.

मग त्यांनी हात उचलला. "झाका आता," त्या मल्लेशीला म्हणाल्या. "निजू द्या त्याला."

मल्लेशीनं वर बारीक वाळू पसरली आणि सिमेंट न घालता नवी फरशी अलगद ठेवली. त्याच्याही डोळ्यांना धार लागली होती.

त्यानंतर नऊ दिवसांनी सोजरक्का गेल्या. मला विनापरवाना काम उखडल्याबद्दल नोटीस आली. तिला मी काय उत्तर दिलं ते आता आठवतही नाही. पुढं मी आणखी चार बागा केल्या, दोन गावांत नावाजले गेले, सहा महिन्यांपूर्वी निवृत्त झाले. पण त्या प्रसंगातलं माझ्या मनाला खरं लागलं ते निराळंच.

सोजरक्कांचं तेरावं-चौदावं झाल्यावर अण्णा ऑफिसात आले. मी चहा मागवला. मला राहवेना.

"अण्णा, एक सांगायचंय. फरशी कुठं आहे ते मला जूनपासून माहीत होतं."

"मला आखाडापासून," अण्णा म्हणाले.

मी कप खाली ठेवला.

"मल्लेशी घरी आला होता. पाया पडला. जागा दाखवली त्यानं."

"म्हणजे तुम्ही त्यांना गवतातून नेत होता ते..."

"मग काय, पोराच्या नावावरून चालवू तिला?"

"मग मला बोलला का नाहीत? एकदा तरी. मी रोज तिथंच असायची."

अण्णांनी बशीत ओतलेला चहा संपवला, बशी कपाखाली नीट ठेवली.

"तुम्ही शब्द दिला होता न्हवं, मॅडम. आता शब्दाची काय आठवण करून द्यायची? वाटायचं, आज करतील, उद्या करतील."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. ते उठले, दाराशी काढलेल्या चपला पायात घातल्या आणि नेहमीसारखं "येतो मॅडम" म्हणून गेले.